माइनराड दर रविवारी कुठे जातो?

माइनराड ब्यूलर दर रविवारी नदीपलीकडे कुठे जातो, हे विचारायला माझ्या लाँड्रीत एक नाही, दोन माणसं आली. एक जर्मन सरकारची बाई, फ्राऊ टीडेमान, आणि एक फ्रेंच सरकारचा, कॅप्टन बेरूल. काम एकच, वेळ एकच, पण गाड्या दोन. बाईंची गाडी दाराशी पट्टी लावून आखल्यासारखी उभी, कॅप्टनची अर्धी फुटपाथवर. वह्याही दोन. मी काही बोलले की दोघं लिहायची, आणि लिहून झालं की हळूच एकमेकांच्या वहीत डोकावायची. शाळेत पेपर लिहिताना पोरं बघतात ना, तसं.

“मादाम श्मेर्बेर,” कॅप्टन म्हणाला, “मस्यू ब्यूलरना तुम्ही किती वर्षं ओळखता?”

“त्याला मिशी फुटत होती तेव्हापासून. आता डोक्यावरचंही गेलं. तुम्हीच हिशेब करा.”

“त्यांनी ओळखीचं माणूस म्हणून तुमचंच नाव दिलंय,” फ्राऊ टीडेमान म्हणाल्या. “ते दर रविवारी सकाळी सायकलवरून पूल ओलांडून फ्रान्समध्ये जातात. मागे झाकलेली टोपली असते. दुपारी परत येतात, तेव्हाही टोपली झाकलेलीच. कुठे जातात?”

“मला काय माहीत बाई! मी रविवारी चर्चला जाते.”

दोघांनी लिहून घेतलं. मी मात्र इस्त्री जरा जास्तच दाबून फिरवली. कारण मला माहीत होतं. अकरा वर्षांपासून माहीत होतं. आणि सांगितलं असतं, तर माइनराडची नोकरी तिथल्या तिथे वाचली असती. तरी मी गप्प बसले. का, ते सांगते, पण आधी माइनराड कोण ते ऐका.

आमच्या ब्रुखाऊच्या टेकडीवर जुनी बराक आहे. तिथे दोन्ही सरकारांनी मिळून कचेरी थाटलीय. चाळीस जर्मन, चाळीस फ्रेंच. काही वर्दीतले, काही परराष्ट्र खात्याचे सूटवाले. जगात कुठे काही पेटलं की या ऐंशी जणांनी एकत्र बसून दोन्ही देशांचा एक शब्द ठरवायचा, कुठल्या वाळवंटात कुणी किती शिपाई पाठवायचे त्याचा मसुदा करायचा. गावात आम्ही त्या कचेरीला ‘दोघांचं घर’ म्हणतो. एका घरात दोघं असले की काय होतं, ते संसार केलेल्या बाईला सांगायला नको. सूप येईपर्यंत भांडण, चीज येईपर्यंत सही, असं त्यांचं चालतं. आणि ते सूप ज्या टेबलावर येतं, ते टेबल मांडणारा आमचा माइनराड. एकतीस वर्षं झाली.

माणूस कसा? कपडे वाळत घालायच्या काठीसारखा. उंच, सरळ, आणि त्याच्यावर काहीही घाला, सुरकुती पडत नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी चमचा आधी रुमालाने पुसणार. लग्न झालं नाही. गावातल्या बायका म्हणतात नशीब. मी म्हणते, नशीब कसलं! ओडेनवाल्डची एक चांगली विधवा मीच आणली होती दाखवायला. या गाढवाने आधी तिच्या समोरचा काटा सरळ केला आणि मग तिच्याकडे बघितलं. ती केक न संपवता गेली.

आणि काटा म्हटला की लाकोम्ब आलाच. एव्हारिस्त लाकोम्ब, फ्रेंच बाजूचा टेबल मांडणारा. हो, तिथे सगळंच जोडीने असतं, तसे टेबलवालेही दोन. फ्रेंच माणूस ताटाशेजारी काटा ठेवताना टोकं खाली करतो, जर्मन वर करतो. लाकोम्ब म्हणतो, टोकं वर म्हणजे पाहुण्यावर संगीन रोखल्यासारखं. माइनराड म्हणतो, टोकं खाली म्हणजे काहीतरी लपवल्यासारखं. एकत्र जेवणाच्या दिवशी कोण कुठे बसणार त्याप्रमाणे एक काटा असा, एक तसा. आयत्या वेळी कुणा साहेबाने खुर्ची बदलली की दोघं दोन टोकांकडून काटे उलटे करत धावत येतात. बघायला मजा येते. मी टेबलक्लॉथ पोचवायला जाते ना, तेव्हा मुद्दाम रेंगाळते.

पण ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अकरा वर्षं. काही सांगायचं असलं तर भांड्यांच्या खोलीच्या दाराला चिठ्ठी टोचतात. ‘उद्या चौदा.’ ‘मीठदाण्या तुमच्याकडे.’ बस. वर साहेब लोक मैत्रीचे करार करतायत, आणि त्यांच्या टेबलावर मीठ चिठ्ठीने जातंय.

तर गेल्या ऑगस्टमध्ये एक नवा फॉर्म निघाला. कचेरीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने, अगदी भांडी घासणाऱ्यानेही, भरायचा. पूर्वी जर्मनांचा वेगळा होता, फ्रेंचांचा वेगळा. आता विश्वास वाढला म्हणून एकच केला. म्हणजे काय केलं? दोन्ही फॉर्म एकमेकांना चिकटवले. बेचाळीस पानं! माइनराड तो भरायला माझ्याच काउंटरवर बसला, कारण त्याच्या घरी दिवा कमी आहे आणि माझ्याकडे कॉफी फुकट आहे.

“‘परक्या देशाच्या नागरिकांशी ओळख असल्यास नावे लिहा,’” त्याने वाचलं आणि लिहायला लागला. लिहितोय, लिहितोय. मी दोन चादरी इस्त्री केल्या तरी लिहितोय.

“काय रे, कादंबरी लिहितोस काय?”

“दोनशे चौदा झाले. बदलून गेलेले धरायचे का?”

“अरे बाबा, कचेरीतले फ्रेंच नाही लिहायचे! त्यांना कामावर त्याच सरकारने बसवलंय!”

“असं इथे कुठे लिहिलंय?” असं म्हणून त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुझा जन्म अल्झासचा ना? पासपोर्ट कुठला?”

“फ्रेंच.”

“दोनशे पंधरा,” म्हणाला, आणि माझं नाव घातलं.

पुढच्या पानावर प्रश्न होता: नियमितपणे परदेशी जाता काय, किती वेळा, कारण काय? आता आमचं सगळं गाव शनिवारी चीज आणायला पलीकडे जातं. पुलावर कुणी विचारत नाही. हा प्रश्न ज्याने त्याने कोरा सोडला. पाद्र्यानेसुद्धा. माइनराडने लिहिलं: ‘होय. ऑगस्ट ते नोव्हेंबर, दर रविवारी. कारण: खासगी.’

“खोड ते,” मी म्हटलं.

“विचारलंय, ओदिल. विचारलं की उत्तर द्यायचं.”

“मग कारण तरी धड लिही.”

“ते नाही लिहायचं.”

असा हा माणूस! कोरं सोडायला फार प्रामाणिक, खरं लिहायला फार लबाड.

पंधरा दिवसांत पत्र आलं. रविवारच्या फेऱ्यांचं समाधानकारक कारण तीन आठवड्यांत द्यावं, नाहीतर कचेरीचा पास रद्द. आणि तोवर कचेरीत येऊ नये. एकोणसाठ वर्षांचा माणूस. आई गेली, विधवा केक टाकून गेली, त्या दोन टेबलांपलीकडे त्याला आहे काय? दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तो फाटकापर्यंत गेला, बूट चमकवून. पहारेकऱ्याने, ज्याला तो वीस वर्षं शिळा केक देतोय त्याने, ‘माफ करा हेर ब्यूलर’ म्हणून परत पाठवला.

आता तो कुठे जातो ते सांगते. अळंबी गोळा करायला जातो.

हसू नका! नदीपलीकडे ओकचं जंगल आहे. त्यात एका जागी, पावसानंतर, जाड पांढऱ्या बुडाची, तपकिरी टोपीची अळंबी उगवते. सेप म्हणतात तिला. लोण्यात लसूण घालून परतली की शेजारची तीन घरं खिडक्या उघडतात. आणि आमच्याकडे, नदीच्या या काठाला काय नि त्या काठाला काय, माणूस तुम्हाला बँकेतलं सगळं सांगेल, बायकोच्या भानगडी सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. नवरा बायकोला सांगत नाही. माझा अर्न्स्ट, देव त्याचं भलं करो, त्याची जागा बरोबर घेऊन वर गेला. शेवटच्या दिवशी मी हात धरून विचारलं तर डोळे मिटले लबाडाने.

माइनराडची जागा त्याच्या आईची. युद्धानंतर इथे फ्रेंच सैन्याचा अंमल होता आणि पोटाला काही नव्हतं. तेव्हा ती पोरगी होडीने चोरून पलीकडे जायची आणि टोपली भरून आणायची, त्यावर घर जगलं. तिला पाय उचलेना झाले तेव्हा तिने जागा माइनराडला सांगितली. नियम एकच: एकाच माणसाला सांगायची, आणि तीसुद्धा स्वतःला चालवेनासं झाल्यावर. माइनराड अजून टकाटक सायकल मारतो. मग तो सरकारला कशी सांगणार? तेही दोन-दोन सरकारांना?

आता तुम्ही म्हणाल, ओदिल, तुला हे कसं माहीत? तर मी त्याच्या मागे गेले होते. अकरा वर्षांपूर्वी. मला वाटलं पलीकडे बाई ठेवलीय. झाकलेली टोपली, धुतलेले बूट, रविवार सकाळ, कुणालाही वाटेल! मला फक्त ती कशी दिसते एवढंच बघायचं होतं. सायकल झुडपात टाकून झाडाआडून बघते तर हा ओकखाली गुडघ्यावर. मला वाटलं प्रार्थना करतोय, नाहीतर काहीतरी पुरतोय. मग त्याने ब्रश काढला, छोटा, दाढीचा. अळंबीवरची माती झाडली, बुडाशी धरून हळूच पिळली, उचलली, आणि राहिलेला खड्डा पानांनी असा भरला जसा आईच्या कबरीवरचा.

मी घरी आले. सहा दिवस कळ काढली. शनिवारी टोपली घेऊन गेले.

त्यानंतर अकरा वर्षं दर शनिवारी. लहान अळंब्यांना हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण मी पिळत नाही, मी चाकूने कापते, आमच्या घरची रीत. आणि कापलं की बुडखा राहतो. माइनराडला पहिल्याच रविवारी कळलं, कुणीतरी येऊन गेलंय. त्या सोमवारी तो माझ्याकडे टेबलक्लॉथ घ्यायला आला तो पांढराफटक.

“चोर आहे, ओदिल. चाकूवाला.”

“कशाचा चोर?” मी, अगदी साळसूद.

“ते सोड. पण कोण ते मला कळलंय. लाकोम्ब. तो लिमूझँचा. तिकडचे लोक पाळण्यात अळंबी ओळखतात. आणि आज फ्रेंच टेबलावर काय होतं माहितीय? सेपचं ऑम्लेट!”

आता ऐका, आणि मला काय म्हणायचं ते म्हणा. ते ऑम्लेट माझ्याच अळंबीचं होतं. लाकोम्ब शर्ट न्यायला आला होता, वास घेऊन उभाच राहिला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “मादाम ओदिल, आमच्या घरचा वास.” मी वाडगाभर दिली. त्याने एकट्याने खायची सोडून टेबलावर वाढली. त्या दिवसापासून माइनराडने लाकोम्बपुढे तोंड उघडलं नाही, आणि मी माइनराडपुढे.

म्हणून त्या दोन वहीवाल्यांपुढे मी गप्प बसले. माइनराडला वाचवायचं तर सांगावं लागणार होतं की मी स्वतः जाते तिथे. आणि मग तो मला कायमचा तोडणार होता.

पत्रानंतर पहिला आठवडा तो रोज माझ्याकडे येऊन बसला. बोलायचा एकच विषय.

“लाकोम्बनेच कळवलंय. त्याला जागा अख्खी हवीय. मी पलीकडे जायचो ते बंद पडलं की झालं.”

“अरे, तूच लिहिलंस फॉर्मात! स्वतःच्या हाताने!”

“लिहिलं ते सगळ्यांनी काय काय. माझंच का वर आलं? कुणीतरी बोट दाखवलं.”

“कारण दोनशे पंधरा परदेशी माणसं दुसऱ्या कुणी लिहिली नव्हती, टोणग्या!”

पण तो ऐकेना. संशय म्हणजे कॉफीचा डाग. थंड पाण्याने जात नाही, गरमने पक्का होतो.

दुसऱ्या आठवड्यात मी धुतलेले टेबलक्लॉथ घेऊन वर गेले. मनात म्हटलं, बघू तरी लाकोम्ब कसा मजेत आहे ते. जेवणघरात एकटाच होता. दोन्ही बाजू मांडत होता. आणि काय बघते, जर्मन बाजूचे सगळे काटे टोकं वर! चमच्याचं अंतर माइनराड ठेवतो तसंच, अंगठ्याएवढं. रुमालाची घडीसुद्धा त्याचीच, ती खुळ्यासारखी, टोपीची.

“काय हो मस्यू लाकोम्ब,” मी म्हटलं, “आता तर राज्य तुमचं. काटे पालथे घाला की सगळे.”

त्याने अंगठा लावून एक अंतर पुन्हा मोजलं. “तो परत येईल आणि बघेल ना, मादाम. एक जरी चुकला तर पुढची पाच वर्षं चिठ्ठीसुद्धा लिहायचा नाही.” मग पुढचा काटा उचलून म्हणाला, “माझ्याकडेही आले होते ते दोघं. मी सांगितलं, एकतीस वर्षं ज्याने एक काटा चुकवला नाही तो देश काय चुकवणार. लिहून घेतलं का देव जाणे.”

मी टेबलक्लॉथ ठेवले आणि उतरणीला लागले.

माइनराड माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला होताच. मी दार उघडलं, त्याला आत घेतलं, ‘बंद’ची पाटी फिरवली.

“बस. आणि मी सांगून होईपर्यंत बोलू नकोस.”

“काय झालं?”

“तो चाकूवाला चोर. मी आहे.”

त्याला कळलंच नाही. माझ्याकडे बघत राहिला, जसं काही मी फ्रेंचमधून बोलले.

“अकरा वर्षं,” मी म्हटलं. “दर शनिवारी. तुझ्या मागे आले होते एकदा. मला वाटलं बाई आहे.”

“बाई?”

“हो ना! कसली बाई नि कसलं काय, तू गुडघ्यावर!”

बराच वेळ तो काउंटरवरच्या पिना एका ओळीत लावत बसला. मग हळूच म्हणाला, “मोठ्याच घ्यायचीस?”

“मोठ्याच. लहान सोडायचे. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी!” एवढंच म्हणाला, पण असा म्हणाला की मी खाली बघितलं. परत पिना. “आणि लाकोम्ब?”

“तो कधी गेलाच नाही तिथे. ते ऑम्लेट माझं. मी दिली होती वाडगाभर.”

पिना संपल्या. माइनराड उठला, टोपी घातली. दाराशी गेला, परत आला.

“अकरा वर्षं मी त्या माणसाला गुड मॉर्निंग म्हटलं नाही.”

“मला माहितीय.”

“तुला माहीत होतं, आणि तू टेबलक्लॉथ देत होतीस.”

तो निघून गेला. पाटी ‘बंद’च राहिली, मलाच फिरवायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना फोन केला, आधी बाईंना आणि मग कॅप्टनला. पण माझ्याआधीच माइनराडने केला होता. दोघं आली, दोन गाड्यांतून. माइनराड आधीच येऊन उभा, माझ्याकडे पाठ करून. मी काय ते सगळं सांगितलं. वह्या भराभर भरल्या.

“म्हणजे,” फ्राऊ टीडेमान म्हणाल्या, “अकरा वर्षं एक जण रविवारी आणि दुसरी शनिवारी परदेशी जंगलात एकाच जागी जात होती, आणि एकमेकांना सांगत नव्हती. हे हेरांचं संपर्काचं नेहमीचं तंत्र आहे.”

“अळंबी, मादाम!” कॅप्टन एकदम पुढे झुकला. “केवढी? टोपी केवढी?”

मी हाताने दाखवली. त्याने वही मिटली. त्याला पटलं होतं. बाई उत्तरेच्या, समुद्राकडच्या, त्यांना अळंबीचं वेड कुठलं. त्यांना पुरावा हवा होता.

“जागा दाखवा,” म्हणाल्या.

“दाखवतो. एकाच माणसाचा नियम तसाही मोडलाच आहे,” माइनराड म्हणाला. “पण आधी ती जागा गुप्त करा.”

“म्हणजे?”

“वर कचेरीत कागदांवर शिक्का मारतात ना, गोपनीय म्हणून? तो मारा. दोन्ही सरकारांचा. तुम्ही दोघांनी कुणाला सांगायचं नाही, घरी नाही, वरिष्ठांनाही नाही. सही करा, मग नेतो. नाहीतर पास ठेवा तुमच्याकडे.”

आता झाली पंचाईत! जर्मन राजधानी म्हणे, आधी काय आहे ते सांगा, मग गुप्त करू. फ्रेंच राजधानी म्हणे, जर्मनांना सांगणार असाल तर आम्हाला आधी. फोनाफोनी दहा दिवस चालली. तीन आठवड्यांची मुदत संपत आली. शेवटी जो कागद आला त्यावर ‘फ्रेंच-जर्मन गोपनीय’ असा लाल शिक्का होता आणि खाली लिहिलं होतं, ‘वनातील एक जागा’. सहा महिन्यांत त्या कचेरीत दोन्ही बाजूंनी एकही शब्द न खोडता केलेली ही पहिली सही, असं मला लाकोम्बने नंतर सांगितलं.

गेलो चौघं. ऑक्टोबरचा शनिवार, धुकं ओकच्या फांद्यांना लटकलेलं. माइनराड पुढे, शेवटचा अर्धा मैल त्याने आम्हाला तीनदा फिरवून नेलं, तरी मला काय, मी डोळे मिटून गेले असते. तिथे पोचलो तर अळंबी एकसुद्धा नाही. फ्राऊ टीडेमान पेन काढून म्हणाल्या, “इथे काही नाही.”

“आहे,” कॅप्टन म्हणाला. तो खाली बसला होता. पानं सारून त्याने दाखवलं. माझे कापलेले बुडखे, कबुलीआधीच्या शनिवारचे, चार. आणि शेजारी माइनराडचे, पानांनी भरलेले लहान लहान खड्डे. बाईंनी पट्टी काढली, बुडखे मोजले, फोटो काढले, आणि सगळ्यात आधी माझ्या चाकूचं माप लिहिलं. माइनराड उभा होता तो माझ्या त्या बुडख्यांकडे असा बघत होता, की मला वाटलं, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

सोमवारी पास मिळाला. तो थेट कचेरीत गेला. पुढचं मला लाकोम्बकडून कळलं, कारण माइनराड माझ्याशी बोलत नव्हता. टेबलावरून एकदा नजर फिरवली, काटे बघितले. मग लाकोम्बसमोर जाऊन ताठ उभा राहिला आणि सगळं सांगितलं. जंगल, चाकू, ऑम्लेट, अकरा वर्षं. आणि माफी मागितली.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“मी काय म्हणणार!” लाकोम्बने हात पसरले. “मला वाटत होतं तो जर्मन आहे म्हणून बोलत नाही.”

माझ्याशी माइनराड दोन आठवडे बोलला नाही. तिसऱ्या शनिवारी सकाळी सात वाजता दुकानाच्या काचेला सायकल टेकवली, आत आला, खिडकीजवळची खुर्ची ओढून बसला.

“कॉफी,” म्हणाला.

दिली. बसला तो दुपारपर्यंत. पुढच्या शनिवारीही तेच. मैत्री म्हणा, पहारा म्हणा. मी शेंगदाणे आणायला जरी कोट चढवला तरी तो विचारायचा, “कुठे?”

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. रात्रभर पाऊस पडून गेलेला, असा की काय सांगू, जमीन वासानेच हाका मारत होती. आम्ही दोघं खिडकीशी. मी रुमालाची ती टोपीची घडी घालायला शिकतेय, तो माझ्या चुका काढतोय. तेवढ्यात चौकातून एक गाडी पुलाकडे गेली. हळू, शिस्तीत, सरळ रेषेत. उत्तरेकडचा नंबर. पाठीमागच्या काचेत टोपली.

माइनराडने कप खाली ठेवला. मी काही बोलणार तोच मागून दुसरी गाडी आली, वळणावर फुटपाथवरून गेली आणि पहिलीच्या मागे लागली.

“शिक्का मारलाय म्हणे,” मी म्हटलं. “वरिष्ठांनाही सांगायचं नाही.”

“स्वतः जायचं नाही असं लिहून घेतलं नव्हतं,” तो म्हणाला. मान लाल झाली होती. मग उठला, माझा कोट खुंटीवरून काढून माझ्या अंगावर टाकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“सायकलने पोचायचो नाही,” मी म्हटलं.

“नाहीच. लाकोम्बला फोन लाव. त्याच्याकडे गाडी आहे.”